ओळखपत्राचं माहेर कलकत्ता

मतदार ओळखपत्राचं श्रेय सगळे डोळे झाकून माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांना देतात. २८ ऑगस्ट १९९३ चा आदेश त्यांचाच. कार्डं दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुकाच घेणार नाही, हा दमही त्यांचाच. पण या कार्डाची कुळी शोधत मागं गेलं, तर वाट थेट कलकत्त्याला जाते.

फोटोच्या ओळखपत्राची तरतूद कायद्यात १९५८ सालीच झाली होती. १९६० मध्ये कलकत्ता नैर्ऋत्य लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीसाठी तिचा प्रयोग झाला. मतदार ३.४२ लाख. दहा महिने खपून २.१३ लाखांचे फोटो निघाले आणि २.१० लाख कार्डं वाटली गेली. आठांतले तीन मतदार तसेच राहिले. मोठी अडचण बायकांची होती. छायाचित्रकार पुरुष असो की स्त्री, फोटो काढून घ्यायला अनेकींनी साफ नकार दिला. निवडणूक आयोगानं बेत गुंडाळला.  

हा नकार एकटा नव्हता. पहिल्या निवडणुकीच्या याद्या होताना सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नोंदी वगळायला लावल्या. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशात हे जास्त घडलं. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत मराठी घरांना ठाऊक आहे. इथं बायकांचं स्वतःचंच नाव अडलं. आधी नाव आणि मग चेहरा, या दोन नकारांनी ओळखपत्र तीन दशकं लांबवलं, असं मानायला भक्कम जागा आहे.

यावर एक प्रतिवाद होतो: कार्ड फसलं म्हणूनच १९६२ मध्ये बोटाला लावायची म्हैसूरची शाई आली आणि कार्डाची गरज उरली नाही. हे पटत नाही. शाई १९५१-५२ मध्येही बोटांना लागलीच होती. १९६२ पासून म्हैसूरहून आली ती राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची, सिल्व्हर नायट्रेटची पक्की कृती. शिवाय शाईचं आणि कार्डाचं काम वेगळं. शाई दुबार मतदान रोखते. माणूस तोच का, हे तिला कळत नाही. ते काम खेड्यात उमेदवाराचा पोलिंग एजंटच करायचा. तोतया वाटला की दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा, अशी सोय १९६१ च्या निवडणूक नियमांतच आहे. अनोळखी माणसांच्या महानगरात तो उपाय तोकडा पडणार. प्रयोगासाठी कलकत्ता निवडलं गेलं, ते बहुधा यामुळेच.

कलकत्ता ते शेषन यांमधले टप्पे थोडक्यात असे. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये कार्डं निघाली, मग आसाम, मेघालय, नागालँड. मतदान केंद्रावर ओळख दाखवण्याचा आग्रह मात्र २००० च्या हरियाणा विधानसभेपासून. आता कार्ड नसेल तर आधार, पासपोर्ट, पॅन, मनरेगाचं जॉबकार्डही चालतं. यादीत नाव नसेल, तर यातलं काहीच चालत नाही.