वाळूच्या कणांनी मोजलेली दोन विश्वे

वाचकहो, नदीकाठी एखाद्या मुलाने विचारले, "गुरुजी, ही वाळू किती असेल हो?" तर आपण काय सांगतो? "अरे, ती का कुणाला मोजता येते!"

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगरीत राहणाऱ्या आर्किमिडीजला हे उत्तर पटले नाही. सुमारे २,२५० वर्षांपूर्वी राजा गेलॉनला उद्देशून त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला. नदीकाठचे राहू द्या, सारे विश्व वाळूने भरले तरी तिचे कण किती, हे मी सांगतो, असा त्याचा दावा होता.

आता माप कुठले घ्यायचे? त्याने घेतली खसखस! पट्टीवर दाणे ओळीने मांडले. पंचवीस दाण्यांतच बोटाची रुंदी ओलांडली गेली. हिशेब कमी पडू नये म्हणून त्याने चाळीस धरले, आणि एका दाण्याएवढ्या जागेत फार तर १०,००० वाळूकण मावतील असे मानले.

दुसरी अडचण संख्येची. ग्रीकांकडे १०,००० च्या पुढे स्वतंत्र नावच नव्हते. मग त्याने दहा हजारांची दहा हजार पट, म्हणजे दहा कोटी, हाच नवा एकं धरला आणि त्यावर पायरीमागून पायरी चढवली.

या मापाने त्याने दोन विश्वे मोजली. पहिले, बहुतेक ज्योतिषी मानीत ते, पृथ्वी मध्यभागी असलेले. त्यात मावणारे कण एकावर ५१ शून्ये, याहून कमीच. दुसरे ॲरिस्टार्कसचे. त्यात सूर्य स्थिर, पृथ्वी त्याच्याभोवती फिरते आणि तारे फार दूर. त्यासाठी शून्ये ६३. म्हणजे दुसऱ्याची मर्यादा पहिलीच्या एक लाख कोटी पट!

गंमत पाहा. पृथ्वी फिरते असे आर्किमिडीजने स्वतः कुठे म्हटलेले नाही. त्याला फक्त मोठ्यात मोठे विश्व हवे होते. पण ॲरिस्टार्कसचा तो ग्रंथ पुढे नष्ट झाला, आणि त्याच्या मताची सर्वांत जुनी नोंद उरली ती या वाळूच्या हिशेबात. इ. स. १५४३ मध्ये कोपर्निकसने तोच विचार नव्याने मांडला.

तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुलाने वाळू विचारली, तर त्याला गप्प करू नका. चिमूटभर खसखस आणि एक पट्टी त्याच्या हाती द्या.