मॉरिशसचे गिरमिटिये आणि त्यांचा पास

मंडळी, कामाच्या शोधात निघालेल्या माणसाला वाटेत शिपायानं अडवलं आणि म्हटलं, "इथं राहण्याचा, काम करण्याचा हक्क तुला आहे कशावरून? कागद दाखव!" तर त्या गरिबानं काय करावं? मॉरिशस बेटावर आपल्या माणसांवर हीच पाळी आली होती. त्याची ही हकीकत.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढच्याच वर्षी तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली. ऊसमळेवाल्यांना मजूर हवे होते. मग करारावर माणसं नेण्यात आली, एकूण सुमारे साडेचार लाख. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचंच 'गिरमिट' झालं. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते.

करार साधारणपणे पाच वर्षांचा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला शिरस्ता! म्हणून मुदत भरली की पुष्कळजण मळा सोडत. कुणी भाजी पिकवी, कुणी फेरीचा धंदा करी. मळेवाल्यांना हे कसं रुचावं?

१८६७ साली कायदा झाला. मुदत भरलेल्या प्रत्येक मजुरानं आपला फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगायचा. कागद घरी राहिला, हरवला, की तो 'भटक्या' ठरे आणि त्याला अटक होई. नवा कागद काढायचा तर पदरचे पैसे मोजायचे. म्हणजे बघा, गुन्हा शाबीत करायचं काम सरकारचं नव्हे. आपण निर्दोष आहोत हे मजुरानंच पदोपदी सिद्ध करायचं! या जाचाला कंटाळून माणसानं पुन्हा मळ्याचा करार करावा, हाच त्यातला डाव.

अडॉल्फ द प्लेव्हित्झ हा मळ्याचा एक गोरा व्यवस्थापक मात्र मजुरांच्या बाजूनं उभा राहिला. १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांचा अर्ज त्यानं गव्हर्नर गॉर्डनपुढे ठेवला. यासाठी त्यानं मारही खाल्ला. पण अर्ज वाया गेला नाही. १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग नेमला गेला. १८७५ च्या त्याच्या अहवालात पासाच्या नावाखाली चाललेला जुलूम उघड झाला आणि १८७८ साली नवा मजूर कायदा आला. सारं दुःख काही त्यानं संपलं नाही. दुप्पट खाड्याची चाल तर १९०९ पर्यंत टिकली.

त्या मजुरांची जुनी नोंदणीपुस्तकं आणि फोटो मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवले आहेत. तिथले लोक त्यांतून आपल्या पणजोबांचं नाव-गाव शोधतात. गुरुजनहो, वर्गात मुलांना हे जरूर सांगा; आणि एक प्रश्न टाका: माणसाकडे कागद मागणं वेगळं आणि कागदाच्या जोरावर त्याला जखडून ठेवणं वेगळं, यांतली सीमा कुठं? उत्तर मुलांनाच शोधू द्या.