वंशावळीतल्या मधल्या ओळी

दर १७ डिसेंबरला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेत मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ वाचली जाते. अब्राहाम, दावीद, शलमोन ही नावे ओळखीची. बाबेलच्या बंदिवासानंतर मात्र वाचणाऱ्याची जीभ अडखळू लागते: अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक, याखीम, एलीहूद, एलाजार, मत्तान. ही माणसे कुठे राहिली, काय करून पोट भरत होती, याबद्दल बायबल चकार शब्द काढत नाही. त्यांनी राज्य केले नाही की संदेष्टे म्हणून नाव कमावले नाही. तरीही त्यांच्यातला एक जरी गळला, तर वंश योसेफापर्यंत पोचत नाही.

ठाणे आणि कल्याणचा जुना ख्रिस्ती इतिहास अशाच माणसांचा आहे.

सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लेस्टस या आलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियातून नेमलेला एक बिशप असल्याचे लिहून ठेवले. अनेक अभ्यासकांच्या मते हे बंदर म्हणजे उल्हास खाडीवरचे आपले कल्याण. बिशपचे नाव कॉस्मसने दिलेले नाही. त्याच्यामागे प्रार्थनेला उभे राहणारे कोण होते, हेही नोंदवलेले नाही. १९८८ मध्ये सिरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा या शहराच्या ख्रिस्ती आठवणीला चौदाशे वर्षांची खोली होती.

ठाण्याची गोष्ट अधिक तपशिलाने कळते. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्याच्या बंदरात उतरले: तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमेट्रियस. गावात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतल्याच एका घरी पाहुण्यांची सोय झाली. पुढे त्या घरात नवरा-बायकोचे भांडण जुंपले, नवऱ्याने बायकोला मारले. ती दाद मागायला काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने घरातल्या पाहुण्यांकडे बोट दाखवले. काझीसमोर मारहाणीचा विषय मागे पडला आणि धर्माचा वाद पेटला. ९ एप्रिलला तिघांना ठार मारण्यात आले. सामान राखायला घरी थांबलेल्या पीटरला ११ एप्रिलला मरण आले.

ही हकीकत ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने १३३० मध्ये पाडुआत सांगितली आणि सोलान्याच्या विल्यमने ती लिहून घेतली. थॉमसला १८९४ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी धन्य म्हणून मान्यता दिली. पाहुण्यांना घरात घेणाऱ्या आणि मार खाल्लेल्या त्या ठाणेकर बाईचे नाव मात्र कुठेही नाही.

तिला या कथेतून वगळावे, असे कुणाला वाटेलही. घरातले भांडण, चव्हाट्यावर आलेली मारहाण, हे हौतात्म्याच्या कथेत कशाला? पण मत्तयाने आपल्या यादीतून असे काही वगळले नाही. सासऱ्याकडून आपला हक्क मिळवणारी तामार त्यात आहे, यरीहोची राहाब आहे, परदेशी रूथ आहे. बथशेबाचा उल्लेख तर ‘उरीयाची बायको’ असाच येतो, म्हणजे दाविदाचे पाप वंशावळीतच नोंदवून ठेवले आहे. ख्रिस्ती माणसाने आपल्या मंडळीचा इतिहास सांगताना हे धैर्य उचलावे. ज्या घरातून श्रद्धा पुढे जाते, ते घर भांडणाशिवायचे असतेच असे नाही.

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय बहुतांशी नावांनीच भरले आहेत. घाईचा वाचक ते ओलांडून जातो. पण चौथ्या अध्यायात मध्येच तलम कापड विणणाऱ्यांची घराणी येतात आणि राजासाठी काम करणारे कुंभार येतात. सातव्यात शेरा नावाची मुलगी भेटते, तिने गावे बांधली. राजे आणि याजक यांच्या बरोबरीने हातावर पोट असलेल्यांनाही तिथे ओळ मिळाली. ठाण्यातही असे विणकर होते. ब्रिटिश काळातल्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये ठाण्याच्या ख्रिस्ती रेशीम विणकरांची नोंद आहे. पोर्तुगीज अंमल १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर संपला आणि मिशनऱ्यांचा राजाश्रय गेला. पण वस्तीतले ख्रिस्ती टिकले, आणि ते टिकवले अशाच कारागीर, शेतकरी घरांनी.

ठाण्याच्या त्या हुतात्म्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरणारा डोमिनिकन जॉर्डन याने १३२१ मध्येच आपल्या धर्मबंधूंना पत्र धाडले. ठाणे ते सोपारा या पट्ट्यात ३५ जणांचा बाप्तिस्मा झाल्याचे तो त्यात लिहितो. मृतदेह हलवताना जिनोआच्या एका तरुणाने त्याला मदत केली. त्या तरुणाचेही नाव नाही, त्या ३५ जणांचेही नाही.

आज अशी स्थिती राहायचे कारण नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाबरोबर आईबाप, धर्ममातापिता आणि बाप्तिस्मा देणारा धर्मगुरू यांची नावे येतात. जुन्या वह्यांची पाने पिवळी पडतात, शाई फिकी होते, वाळवी लागते. त्या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवणे, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून आजी-पणजीची माहेरची नावे लिहून घेणे, हे काम ठाण्यातल्या, कल्याणातल्या, डोंबिवलीतल्या कोणत्याही धर्मग्रामाच्या तरुण मंडळाला जमण्यासारखे आहे. सुरुवात बायकांच्या नावांपासून करावी, कारण सर्वांत आधी पुसली जातात ती त्यांचीच.