अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघ

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांपैकी मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक सर्वसाधारण मतदारसंघ. क्रमांक १६६. मुंबई उपनगर जिल्ह्यात १५२ (बोरिवली) ते १७७ (वांद्रे पश्चिम) असे एकूण २६ मतदारसंघ असून मुंबई शहर जिल्ह्यातील १० धरून महानगरातून ३६ आमदार निवडून जातात. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व या सहा मतदारसंघांचा मिळून मुंबई वायव्य हा लोकसभा मतदारसंघ होतो. २०२२ च्या पोटनिवडणुकीत येथे ‘नोटा’ला (वरीलपैकी कोणीही नाही) दुसऱ्या क्रमांकाची मते पडली, त्यामुळे हे नाव मुंबईबाहेरही चर्चेत आले.

स्थान व परिसर

पश्चिमेला रेल्वेमार्ग व त्यापलीकडे अंधेरी पश्चिम, उत्तरेला जोगेश्वरी पूर्व, दक्षिणेला विलेपार्ले आणि पूर्वेला चांदिवली असे या मतदारसंघाचे शेजार आहेत. अंधेरी पूर्व हे उपनगर आणि अंधेरी पूर्व हा मतदारसंघ यांच्या हद्दी मात्र तंतोतंत जुळत नाहीत. स्टेशनला उतरून ‘अंधेरी ईस्टला राहतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचे नाव याच मतदारयादीत असेल असे नाही. महापालिकेचा प्रशासकीय विभाग तर आणखी निराळा. ‘के पूर्व’ विभागात विलेपार्ले पूर्व, अंधेरी पूर्व आणि जोगेश्वरी पूर्व असा सगळा पट्टा येतो. त्यामुळे एकाच सहायक आयुक्ताच्या दारात तीन आमदारांच्या तक्रारी जातात.

साष्टी बेटावरील गुंदवली, चकाला, मरोळ, मोगरा, सहार अशी जुनी गावे या परिसरात होती. शेती व मिठागरे गेली, पण गावठाणे उरली. मरोळ-सहारच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत क्रूस आणि कौलारू घरे आजही दिसतात. १९२८ ते १९३४ या काळात अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जाणारा एक रेल्वेमार्गही होता, आता त्याचा मागमूस नाही. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली तेव्हा अंधेरी महापालिकेत आली. पुढे मरोळची औद्योगिक वसाहत, १९७३ चे सीप्झ हे निर्यातक्षेत्र आणि सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ यांनी या भागाचा चेहरा बदलला. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली, जानेवारी २०२३ मध्ये दहिसरकडून येणारी दुसरी मार्गिका गुंदवलीपर्यंत पोहोचली.

कोकण व घाटावरून आलेली मराठी कुटुंबे, गुजराती व्यापारी, कानडी-तुळू भाषक हॉटेलवाले, उत्तर भारतीय कामगार, ख्रिस्ती व मुस्लिम वस्त्या अशी मतदारांची सरमिसळ आहे. चाळ, झोपडपट्टी, ‘एसआरए’ची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) इमारत आणि काचेचा टॉवर हे चारही प्रकार एकाच मतदान केंद्राच्या यादीत सापडतात. प्रचाराच्या पत्रकांवर पुनर्वसन, पाणी, वाहतूक कोंडी आणि विमानतळाजवळच्या इमारतींवरील उंचीची मर्यादा हेच विषय फिरून फिरून येतात.

मतदारसंघाची घडण

महाराष्ट्र विधानसभेची सदस्यसंख्या १९७८ पासून २८८ आहे. पूर्वी ‘अंधेरी’ नावाचा एकच मतदारसंघ होता. २००१ ची जनगणना आधार धरून न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने हद्दी नव्याने आखल्या, त्यातून अंधेरी पश्चिम व अंधेरी पूर्व असे मतदारसंघ झाले. नव्या रचनेत पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली. या फेररचनेत मुंबई शहराच्या जागा घटल्या आणि उपनगरांच्या वाढल्या. गिरणगावातून उपनगरांकडे सरकलेल्या लोकवस्तीची ती कागदोपत्री नोंद होती.

निवडणूक पद्धत

आमदार प्रत्यक्ष मतदानाने, पाच वर्षांसाठी निवडला जातो. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. मतदाराचे वय १८, तर उमेदवाराचे किमान २५ असावे लागते. उमेदवाराचे नाव राज्यातील कोणत्याही मतदारयादीत असले तरी चालते, सूचक मात्र याच मतदारसंघातला हवा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. अनामत रक्कम १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५,०००) असून वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभा उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे.

मतदानाचा विधी आता सर्वांच्या सरावाचा झाला आहे. यादीत नाव तपासले जाते, डाव्या तर्जनीला शाई लागते, मतदान अधिकारी कंट्रोल युनिटवरून मतदान खुले करतो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बटण दाबले की यंत्र लांब शिटी देते आणि शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड उमेदवाराचे नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून पेटीत पडते. बॅलट युनिटवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, त्यानंतर अपक्ष आणि सर्वांत खाली ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजेच ‘नोटा’. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आले. मोजणीच्या वेळी मतदारसंघातील पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहतात.

निवडणुकांचा इतिहास

२००९ मध्ये काँग्रेसचे सुरेश शेट्टी यांनी शिवसेनेचे रमेश लटके यांचा सुमारे पाच हजार मतांनी पराभव केला. शेट्टी जुन्या अंधेरी मतदारसंघाचेही आमदार होते, पुढे ते राज्याचे आरोग्यमंत्री झाले. २०१४ मध्ये शिवसेना-भाजप युती तुटली आणि दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध उभे राहिले. लटके यांना ५२,८१७, तर भाजपचे सुनील यादव यांना ४७,३३८ मते मिळाली. शेट्टी तिसऱ्या क्रमांकावर गेले. २०१९ मध्ये युती पुन्हा झाली, तरी भाजपचे मुरजी पटेल अपक्ष म्हणून लढले. लटके ६२,७७३ मते घेऊन निवडून आले आणि पटेल यांना ४५,८०८ मते पडली. युतीतल्या मित्रपक्षाच्या कार्यकर्त्याने बंडखोरी करून घेतलेली ही मते पुढच्या दोन्ही लढतींची नांदी ठरली.

२०२२ ची पोटनिवडणूक

आमदार रमेश लटके यांचे ११ मे २०२२ रोजी दुबईत निधन झाले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ सांगते. त्यामुळे ३ नोव्हेंबर ही मतदानाची तारीख मुदतीच्या अगदी काठावरची होती. मधल्या काळात शिवसेना फुटून उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे यांचे दोन गट झाले. निवडणूक आयोगाने ८ ऑक्टोबरला ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह दोन्ही गोठवले. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला ‘मशाल’ मिळाली आणि या चिन्हावरची त्यांची पहिलीच निवडणूक अंधेरी पूर्वला झाली.

दिवंगत आमदारांच्या पत्नी ऋतुजा लटके महापालिकेच्या नोकरीत होत्या. राजीनामा मंजूर झाल्याशिवाय अर्ज भरण्याची वाट मोकळी होत नव्हती आणि अर्जाचा शेवटचा दिवस होता १४ ऑक्टोबर. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजेपर्यंत राजीनामा स्वीकारल्याचे पत्र द्यावे, असा आदेश न्यायालयाने १३ ऑक्टोबरला दिला आणि अखेरच्या दिवशी अर्ज दाखल झाला. भाजपने मुरजी पटेल यांना उमेदवारी दिली होती. राज ठाकरे यांनी देवेंद्र फडणवीस यांना पत्र लिहून आणि शरद पवार यांनी जाहीर आवाहन करून दिवंगत आमदाराच्या घरातील उमेदवारासमोर कोणी उभे राहू नये असे सुचवले. माघारीच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, पटेल यांनी अर्ज मागे घेतला.

या संकेताला महाराष्ट्राच्या राजकीय संस्कृतीचा दाखला दिला जातो, पण तो सरसकट पाळला जात नाही. एप्रिल २०१५ मध्ये तासगाव-कवठेमहांकाळला आर. आर. पाटील यांच्या पत्नी सुमन पाटील यांच्यासमोर प्रमुख पक्षांनी उमेदवार दिला नाही. त्याच महिन्यात मुंबईतल्या वांद्रे पूर्वला मात्र बाळा सावंत यांच्या पत्नी तृप्ती सावंत यांच्याविरुद्ध काँग्रेसचे नारायण राणे उभे राहिले आणि पराभूत झाले. २०२२ मध्येच कोल्हापूर उत्तरमध्ये जयश्री जाधव यांना भाजपशी लढून पतीची जागा राखावी लागली.

पटेल यांच्या माघारीनंतरही अंधेरीची निवडणूक बिनविरोध झाली नाही. एकच उमेदवार उरला तरच मतदान टळते. येथे लटके यांच्यासह सात जण रिंगणात राहिले, म्हणून २ लाख ७१ हजारांवर मतदारांसाठी २५६ मतदान केंद्रे उभारावी लागली. जेमतेम ३२ टक्के मतदान झाले. ६ नोव्हेंबरला गुंदवलीच्या महापालिका शाळेत मोजणीच्या १९ फेऱ्या झाल्या. लटके यांना ६६,५३० आणि ‘नोटा’ला १२,८०६ मते मिळाली. बाकीच्या सहाही उमेदवारांची मते एकत्र केली तरी ‘नोटा’ची बरोबरी होत नव्हती. त्या सहाही जणांच्या अनामती गेल्या.

सात नावांखालचे आठवे बटण सुमारे १५ टक्के मतदारांनी दाबले. माघार घेतलेल्या पक्षाच्या समर्थकांची ती नाराजी होती, की ठरवून राबवलेली मोहीम, यावर आरोप-प्रत्यारोप झाले. कायद्याच्या दृष्टीने मात्र या मतांचा निकालावर परिणाम नाही. विधानसभेला ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली, तरी त्याखालचा उमेदवारच विजयी ठरतो. याच राज्यात महापालिका निवडणुकीला नियम वेगळा आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार तेथे ‘नोटा’ सर्वांच्या पुढे गेल्यास फेरनिवडणूक घ्यावी लागते. एकाच मतदाराने एकाच शाळेत दाबलेल्या त्याच बटणाला दोन निवडणुकांत दोन निराळे अर्थ आहेत.

२०२४

मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्यमध्ये, गोठवलेले नाव व चिन्ह पुढे मिळालेल्या एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर यांनी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांचा अवघ्या ४८ मतांनी पराभव केला. सहा मतदारसंघांच्या बेरजेतून निघालेला हा फरक एखाद्या इमारतीतल्या मतदारांहूनही कमी भरतो. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दोन वर्षांपूर्वी टळलेली लढत अखेर झाली. मुरजी पटेल या वेळी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेच्या धनुष्यबाणावर उभे राहिले आणि त्यांनी ऋतुजा लटके यांना २५,४८६ मतांनी हरवले.

आमदाराचे कार्यक्षेत्र

कायदे करणे, अर्थसंकल्प मंजूर करणे आणि सरकारला जाब विचारणे हे आमदाराचे घटनादत्त काम. मतदार त्याला गाठतो ते बहुधा गटार, पाणी, दाखले आणि पुनर्वसनासाठी. यातील बरेचसे विषय महापालिका, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, रेल्वे किंवा विमानतळ प्राधिकरण यांच्या हातात आहेत. आमदाराच्या हाती वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी, विधानभवनातील प्रश्न आणि पत्रव्यवहार एवढेच असते.

अंधेरी पूर्व व पश्चिम जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल हे त्याचे ठळक उदाहरण. जुलै २०१८ मध्ये या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला होता. पोटनिवडणुकीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, धोकादायक ठरलेला पूल वाहतुकीसाठी बंद झाला आणि पूर्वेचा पश्चिमेशी रोजचा व्यवहार वळसे घालून होऊ लागला. रुळांवरचा भाग रेल्वेचा, पोहोचरस्ते पालिकेचे. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, पण ती शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला उंचीत जुळत नव्हती आणि तो जोड नंतर करावा लागला. पूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. तोवर मतदारसंघाचा आमदारही बदलला होता.