रेघ आणि भिंत

भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्ह्यातील हे गाव त्या वेळच्या मध्यप्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात मराठी कुटुंबे नांदत आलेली होती. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. परंतु भट्टीच्या आधी भिलाईत आले ते नकाशे. त्यांतील मापे मीटर-मिलिमीटरची होती आणि येथील गवंडी-सुतारांच्या बोटांवर फूट आणि इंच बसलेले होते. दशमान मापांचा कायदा देशात १९५६ साली झाला व त्याची अंमलबजावणी ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. म्हणजे भिलाईतील अनेकांना पोलाद ओतण्यापूर्वी नकाशा वाचण्याचा धडा गिरवावा लागला.

कारखान्याबरोबर वसाहत आली. रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आणि हुद्द्याप्रमाणे लहानमोठी घरे. एकच आराखडा पुनःपुन्हा बांधला जाई. त्यामुळे एखादी खिडकी कागदावर चुकली, तर ती तशा प्रत्येक घरात चुकणार हे उघडच होते. या घरांत पिढ्या वाढल्या, सणवार झाले, लग्ने झाली. मात्र स्वयंपाकघर कोठे असावे, हे त्यात स्वयंपाक करणारीला कोणी विचारले नव्हते. घर आखणारा हात एक आणि घरात राहणारी माणसे दुसरी, अशी ही व्यवस्था होती.

वस्तुतः ही फारकत भिलाईपेक्षा जुनी आहे. पूर्वी गावचा गवंडी मालकाला समोर उभे करून जमिनीवर दोरी ताणी, फक्कीने रेघा मारी आणि मग ओळंबा हाती घेई. मालकाची बायको त्या रेघांतून चालून पाही व ‘न्हाणी जरा मागे घ्या’ असे सांगू शके. पुढे सरकारी बांधकामे वाढली, तशी शिकलेल्या आरेखकांची गरज भासू लागली. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारा अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९६ साली आरेखकांसाठी वर्ग सुरू झाला. पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांनी ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’सारख्या पुस्तकांतून घरांचे आराखडे सामान्य वाचकापुढे ठेवले. नकाशा वाचणे त्यामुळे काहीसे सोपे झाले; काढणे मात्र आरेखकाकडेच राहिले.

याचे कारण ही विद्या कष्टाची होती. तिरप्या फळ्यावर कागद ताणून बसवावा, टी-स्क्वेअर सरकवावा, गुण्या टेकवावा, रुलिंग पेनात शाई बेताने भरावी. चूक झाली तर पात्याने हलकेच खरवडावी आणि कागद फाटला तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. सर्वांत आधी प्रमाण ठरवावे लागे. एका मीटरला एक सेंटिमीटर हे प्रमाण धरले, की पुढची प्रत्येक रेघ मनाशी हिशेब करूनच उमटे. हा संथपणा त्रासदायक खराच. पण त्या संथपणातच मापाची जाण अंगी मुरत असे.

१९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सिद्ध केली आणि संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ काढता येऊ लागली. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ आले, २००० साली ‘स्केचअप’ आले आणि आरेखकाचा फळा घरच्या मेजावर येऊन बसला. आता चूक एका कळीसरशी पुसली जाते. येथे खोली तिच्या पूर्ण मापानेच आखली जाते. प्रमाणाचा विचार कागदावर छापण्याच्या वेळी केला तरी चालतो. सोय मोठी आहे. परंतु नवशिक्याच्या पायाखालची एक पायरी त्यामुळे नाहीशी झाली आहे.

ती कशी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नवशिका दहा फूट रुंदीची खोली आखतो. भिंत म्हणजे त्याच्या लेखी एक रेघ. पण विटेची भिंत नऊ इंच जाडीची असते. रेघ भिंतीच्या मध्यातून गेली, तर दोन्ही बाजूंची साडेचार-साडेचार इंच जागा भिंतीच खातात आणि आत उरते सव्वानऊ फूट. त्या रुंदीत साडेसहा फुटांचा पलंग व समोर दोन फूट खोलीचे कपाट ठेवले, तर मध्ये नऊ इंच राहतात. नऊ इंचांतून माणूस जात नाही. पडद्यावर मात्र खोली नेटकी दिसते, पलंगावर चादरही अंथरलेली असते. चित्र पूर्ण झाले म्हणजे विचार पूर्ण झाला, असा भास हे साधन निर्माण करते. उन्हाचेही तसेच. स्थळ व उत्तर दिशा अचूक सांगितली, तर सावल्या दाखवणारे प्रोग्रॅम आहेत. परंतु वैशाखातल्या दुपारी पश्चिमेची भिंत किती तापेल, हा प्रश्न माणसालाच सुचावा लागतो.

या कामी भिलाईच्या रहिवाशाजवळ एक उत्तम पाठ्यपुस्तक आहे : तो राहतो ते घर. नवशिक्याने प्रथम टेप घेऊन तेच मोजावे. भिंतींची जाडी, दाराची उघड, ओट्याची उंची टिपावी आणि पडद्यावर ते जसेच्या तसे आखावे. आतल्या खोल्या आणि भिंती यांच्या मापांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळली नाही, तर कोठेतरी माप चुकले आहे. ती जुळेपर्यंत नव्या घराला हात लावू नये. येथे संगणकाचा वेग उपयोगी पडत नाही. फळ्यावरच्या आरेखकाचा धीरच उपयोगी पडतो.

अर्थात घराचा भार पेलणारे खांब व तुळया ठरवणे हे जाणत्या अभियंत्याचेच काम आहे आणि तसेच ते राहावे. तथापि, आयुष्यभर दुसऱ्याने आखलेल्या घरात राहिलेले कुटुंब निवृत्तीच्या सुमारास आपले घर बांधू पाहते, तेव्हा अभियंत्याकडे जाण्यापूर्वी आपली गरज रेघांत मांडता येणे ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. फक्कीच्या रेघांतून चालून पाहणाऱ्या गृहिणीचा अधिकार मध्यंतरी हरवला होता. तो आता तिला परत मिळू शकतो; त्यासाठी टेपाचे दुसरे टोक मात्र तिने स्वतः धरायला हवे.