पायलटवरचा पहारा

बटण दाबून धरलं आहे तोवर ज्योत निळी, ताठ उभी. बोट उचललं की गुल. पुन्हा पेटवा, पुन्हा तेच. अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या तळघरांत, पाणी तापवणाऱ्या उभ्या टाकीपुढे गुडघे टेकून हा खेळ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. वर घरातली मंडळी आंघोळीसाठी खोळंबलेली असतात.

ही टाकी ज्या कुळातली, त्याचं ‘गिझर’ हे नाव आइसलंडचं. तिथल्या गेसिर नावाच्या उकळत्या कारंज्यावरून ते आलं. १८६८ साली लंडनमधल्या बेंजामिन वॉडी मॉन या रंगकाम करणाऱ्या कारागिराने गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याला हे नाव दिलं. पण त्याच्या यंत्राला धुराडंच नव्हतं. जळलेला वायू पाण्याला तापवून सरळ न्हाणीघरात पसरायचा. त्यात तेव्हाचा गॅस दगडी कोळशापासून काढलेला, म्हणजे मुळातच कार्बन मोनॉक्साइड पोटात घेऊन आलेला. ज्योत विझली आणि तोटी उघडी राहिली, तर स्फोटाची वाट पाहायचीही गरज नव्हती. राखणदार म्हणाल तर एकच, स्नानाला आलेला माणूस. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, तेव्हा ते लावायला आणि मालवायला माणसं नेमलेली असत. न्हाणीघरात असा माणूस कोण ठेवणार?

एडविन रूड हा नॉर्वेहून अमेरिकेत गेलेला इंजिनिअर. त्याने १८८९ मध्ये पिट्सबर्गला साठवणीची टाकी असलेला स्वयंचलित हीटर बनवला. पाणी निवलं की बर्नर आपला आपण पेटणार, तापलं की विझणार. काडी ओढायला माणूस हजर नाही म्हटल्यावर अशा यंत्रांत बर्नरशेजारी सतत तेवणारी एक लहान ज्योत ठेवण्याची पद्धत रुळली. तीच पायलट; घरातला नंदादीपच म्हणा ना.

या टाकीचा उभा छेद पाहिला तर मराठी माणसाला आपला बंबच दिसेल. मधोमध नळी, भोवती पाणी, खाली जाळ. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेल्या तांब्याच्या बंबाची रचना हीच. मात्र बंबाशेजारी जळण सारणारं कुणीतरी असायचं आणि जाळ विझू लागला की धूर डोळ्यांत जाऊन तशी वर्दीही मिळायची. गॅसचं तसं नाही. ज्योत गेली तरी तो गुपचूप वाहत राहतो. पायलटने बर्नरची सोय केली खरी, पण खुद्द पायलटवर लक्ष ठेवायचं कुणी?

त्याचं उत्तर हीटरच्या कितीतरी आधी बर्लिनमध्ये सापडून गेलं होतं, फक्त ते या प्रश्नाचं उत्तर आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. १८२१ साली टोमास योहान सीबेकने दोन वेगळ्या धातूंचे तुकडे जोडून त्यांचं कडं केलं आणि एक सांधा तापवला. शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. सीबेकला वाटलं, उष्णतेतून चुंबकत्व निर्माण झालं. पृथ्वीचं चुंबकत्वही असंच, ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातल्या फरकामुळे असेल, इथवर तो जाऊन पोचला. प्रत्यक्षात कड्यातून वीज वाहत होती आणि सुई त्या विजेमुळे हलली होती. चुकीच्या तर्काने इतकी उपयोगी वस्तू हाती लागल्याची उदाहरणं फार नसावीत.

विसाव्या शतकात तो सांधा गॅसच्या उपकरणांत येऊन बसला. पेन्सिलीहून बारीक अशा या कांडीला थर्मोकपल म्हणतात. टोक पायलटच्या ज्योतीत राहिलं की त्यातून साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट मिळतात. घड्याळातल्या सेलच्या पन्नासाव्या भागाइतके. एवढ्याशा विजेला स्प्रिंगविरुद्ध झडप उघडणं झेपत नाही. उघडलेली झडप धरून ठेवणं मात्र झेपतं. म्हणून उघडण्याचं काम बोटाचं. टोक तापेपर्यंत बटण अर्धा-एक मिनिट दाबून धरायचं, मग विद्युतचुंबक झडपेचा ताबा घेतो. ज्योत विझली की टोक निवतं, चुंबक सुटतो, स्प्रिंग झडप बंद करते.

तेव्हा ‘पायलट टिकत नाही’ ही तक्रार पुष्कळदा पायलटची नसतेच. बटण सोडताक्षणी ज्योत जाते, याचा अर्थ पहारेकऱ्याला ती दिसत नाही. जाणकार मेकॅनिक आधी ज्योतच पाहतो. ती पिवळी, लुळी असेल तर पायलटच्या बारीक छिद्रात कचरा अडकलेला असतो, कधी कोळ्याचं जाळंही. ज्योत ठीक असेल तर कांडीचं टोक तिच्यात नीट आहे का, त्यावर काजळी आहे का, झडपेकडचा नट ढिला आहे का, हे बघतो. तरीही भागलं नाही तर कांडी बदलतो. (गॅसचा वास येत असेल तर मात्र यातलं काही न करता बाहेर पडून गॅस कंपनीला कळवायचं.)

२००३ नंतर अमेरिकेत एक नवंच दुखणं सुरू झालं. तोवर गॅरेजमध्ये सांडलेल्या पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत हीटरच्या ज्योतीपर्यंत जाई आणि भडका उडे. म्हणून घरगुती हीटरची जळणाची पेटी बंदिस्त झाली, हवा आत घ्यायला बारीक जाळी आली. त्या जाळीत कपड्यांचे तंतू आणि धूळ अडकू लागली, ज्योतीला हवा पुरेना आणि नव्याकोऱ्या टाक्यांचे पायलट विझू लागले. एका पहाऱ्याने दुसऱ्याची झोप उडवली. यावरचा उपाय यंत्राशेजारच्या कोपऱ्यातच उभा होता: झाडू.

आताच्या पुष्कळ टाक्यांत एका सांध्याऐवजी अनेक सांधे ओळीने जोडलेले असतात. त्यातून पाचशे मिलिव्होल्टांच्या वर वीज मिळते. तेवढ्यावर एक छोटं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण चालतं. भिंतीतला प्लग लागत नाही, वीज गेली तरी पाणी तापतं. त्यावर एक बारका दिवा असतो. बिघाड झाला की तो ठरावीक वेळा लुकलुकतो. गुडघे टेकून ते लुकलुकणं मोजायचं आणि टाकीवर चिकटवलेल्या तक्त्याशी ताडून पाहायचं.