तीन चेंडू, दोन धावा

२३ मार्च २०१६. बेंगळुरूचे चिन्नास्वामी स्टेडियम. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत विरुद्ध बांगलादेश.

संध्याकाळी ७.३०
नाणेफेक जिंकून बांगलादेशने क्षेत्ररक्षण घेतलेय. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर. विरळ हवेत उंच फटका इथे जरा जास्तच लांब जातो. तरी भारताच्या ७ बाद १४६च होतात, कारण चेंडू थांबून येतोय. फटक्याचे बळ पायांतून वर चढते. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर वळते, पाठोपाठ खांदा, हात आणि शेवटी मनगट. बेसबॉलचा फलंदाजही याच साखळीवर उभा असतो. चेंडू उशिरा आला की कंबर आधीच वळून गेलेली असते आणि फटक्याला उरतात नुसते हात.

मध्यंतरानंतर
बांगलादेशची फलंदाजी: तमिम ३५, सब्बीर २६. दोघांनाही धोनी यष्टिचीत करतो. तरी सामना बांगलादेशच्या आवाक्यात आहे.

१२ चेंडू, १७ धावा
बुमराह एकोणिसाव्या षटकात सहाच धावा देतो.

६ चेंडू, ११ धावा
चेंडू हार्दिक पंड्याच्या हाती. महमुदुल्ला एक धाव काढतो.

५ चेंडू, १० धावा
मुशफिकुर रहीमचा एक्स्ट्रा कव्हरमधून चौकार.

४ चेंडू, ६ धावा
मुशफिकुर चेंडू मागे, फाइन लेगकडे उचलतो. बॅट फार फिरतही नाही. गती गोलंदाजाची, दिशा तेवढी फलंदाजाची. चौकार! जिंकल्याच्या आनंदात तो मूठ आवळतो.

३ चेंडू, २ धावा
धोनी आणि नेहरा पंड्याला समजावतात. सीमारेषेवर क्षेत्ररक्षक पेरलेले. बेसबॉलमध्ये फटका दोन फाउल रेषांमधल्या काटकोनातच बसवावा लागतो. क्रिकेटमध्ये चारी दिशा मोकळ्या. एक धाव ढकलली तरी बरोबरी. पण आखूड, संथ चेंडूवर मुशफिकुर पूर्ण ताकदीने पुल मारतो. गती नसलेल्या चेंडूला लांब धाडायचे तर सगळे बळ स्वतःच घालावे लागते. डीप मिडविकेटला धवन झेल घेतो.

२ चेंडू, २ धावा
फलंदाजांनी जागा बदलल्यात, समोर महमुदुल्ला. फुलटॉस! जमिनीलगत मारला तर धाव हमखास. बॅट खालून वर जाते, चेंडू हवेत, आणि धावत आलेला जडेजा झेल टिपतो.

१ चेंडू, २ धावा
समोर शुवागत होम, पलीकडे मुस्तफिझूर. धोनीने उजव्या हाताचा ग्लोव्ह आधीच काढून ठेवलाय. ऑफबाहेरचा आखूड चेंडू, बॅट हुकते. मुस्तफिझूर जीव तोडून धावतो, धोनी चेंडू हातात घेऊन यष्ट्यांकडे. तिसरे पंच निर्णय देतात: धावबाद. ९ बाद १४५. भारत एका धावेने विजयी.

त्यानंतर
३ नोव्हेंबर २०१९, दिल्ली. बांगलादेश टी-ट्वेंटीत भारताला पहिल्यांदा हरवतो. कर्णधार महमुदुल्ला, मुशफिकुर नाबाद ६०.

बेंगळुरूच्या त्या रात्री आम्ही जल्लोष केला, पण मला आठवतात ते मान खाली घातलेले दोन जाणते फलंदाज. पाय, कंबर, खांदा हा क्रम सरावाने अंगात भिनतो. किती जोरात मारायचे, हे मात्र दर चेंडूला नव्याने ठरवावे लागते. मुलांना षटकार जरूर शिकवा. त्याआधी दोन धावा हव्या असताना एक धाव ढकलायला शिकवा.